निवांतगादी डॉट कॉमचा शेवटचा भाव

२ मार्च, सोमवार
आजपासून घासाघीस बंद. निवांतगादी डॉट कॉम: दीड लाख. एकच भाव. विक्रीच्या साइटवर तसा टाकलासुद्धा.

वेबसाइटचं हे नाव मी दोन वर्षांपूर्वी पुढे विकायला म्हणून घेतलं. बोलायला सोपं आहे, फोनवर एकदा सांगितलं तरी समोरच्याच्या लक्षात राहतं, आणि गाद्या सगळ्यांनाच लागतात. माझ्याकडची बाकीची नावं अजून विकली गेली नाहीत. तो माल मुरतो आहे.

दीड लाख आले की खोली घ्यायची. पलीकडच्या चौकात, जिन्याखाली, पाहून ठेवली आहे. लहान आहे, पण दाराला आतून कडी आहे. मी ती पुन्हा पुन्हा लावून पाहिली. खोलीवाल्या बाई म्हणाल्या, कडी चांगली आहे हो, सोडा आता तिला. महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या.

सध्या मी मामाच्या गाद्यांच्या दुकानात काम करते आणि तिथेच पुढच्या दालनात झोपते. रस्त्याच्या बाजूला सगळी काच. माझा पलंग मांडणीचा भाग आहे. मामा म्हणतो, गादी वापरातली दिसली की गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो. गेल्या आठवड्यात एक बाई माझ्या पायाशी बसून उशांचे भाव विचारत होत्या. मी तापाने झोपले होते. सांगितले.

४ मार्च
मामाने नवी गादी काढली. दुपारी जेवताना नाव जाहीर केलं: निवांत. मामी म्हणाली, बरं आहे. हिशेबनीस काका म्हणाले, लेबलं छापून आली आहेत, आता बरंच म्हणायचं. त्यांनी एक लेबल पुढे सरकवलं. खाली वेबसाइटचा पत्ता होता. निवांतगादी डॉट कॉम.

मला ठसका लागला. मामीने पाठीत धपाटे घातले.

मामा म्हणाला, दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे असतेस, तेवढा पत्ता घेऊन टाक. मी म्हटलं, तो कुणाचा तरी असेल. मामा म्हणाला, असेल त्याच्याकडून घे, मी का आडवा येतोय?

मी खोटं बोलले नाही. कुणाचा तरी आहेच. माझं पहिलं शिक्षण घरीच झालं. बाबांनी गणित शिकवलं, आत्याने अक्षर, आणि खोटं बोलायचं नाही हे सगळ्यांनी मिळून. पण या धंद्यात विकणाऱ्याची ओळख लपवणं हे खोटं धरत नाहीत. ओळख कळली की भाव पडतो.

ज्याची लेबलं छापून झाली आहेत असं गिऱ्हाईक! शनिवारपर्यंत सौदा पक्का.

५ मार्च
मामाने पहिला प्रस्ताव सांगितला, मी टाइप केला. दोन हजार. वर वाक्य: जास्त शहाणपणा करू नये. मी म्हटलं, मामा, हे वाक्य नको. तो म्हणाला, तसंच जाऊ दे, असल्या लोकांना असंच लागतं.

पाठवलं. लगेच माझ्या फोनवर आलं.

वाचून फार वाईट वाटलं. ओळखपाळख नसताना इतकं तुसडं बोलायचं? संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मालकीण म्हणून उत्तर दिलं: प्रस्तावाबद्दल आभार. भाव दीड लाख. शहाणपणाबद्दलचं मत परत घ्यावं.

६ मार्च
मामाला उत्तर वाचून दाखवलं. तो भडकला. दीड लाख? राजवाडा विकतोय का हा? मामी पोळी लाटता लाटता म्हणाली, एकटा असेल बिचारा, कुणी बोलायला नसेल, म्हणून भाव वाढवून ठेवलाय. मी म्हटलं, एकटा असेलच असं नाही. मामी म्हणाली, तुला काय माहीत?

नियम केला. दुकानाच्या वेळात मी मामाच्या बाजूने. दुकान बंद झाल्यावर स्वतःच्या बाजूने. दोन्ही बाजूंना पूर्ण न्याय. मोठ्या कंपन्यांत असंच चालतं.

९ मार्च
मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे. लेबलं छापली आहेत हे मला दुकानात कळलं, नोकर म्हणून. ती माहिती मालकीण म्हणून वापरणं अप्रामाणिकपणाचं आहे. लेबलांचं माहीत नसतं तर मी दीड लाखावर अडून बसले असते का?

नसते. ऐंशी हजार केले.

हा पडता भाव नाही, शुद्ध केलेला भाव आहे.

११ मार्च
मामा खूश. बघ, एका दटावणीत निम्म्यावर आला. आता मला म्हणाला, तुझा अंदाज काय, कुठपर्यंत खाली येईल?

हा प्रश्न मी टाळू शकले असते. पण दुकानाची वेळ होती. पगार मामाचा, जेवण मामीचं, आणि त्या नावाच्या मालकाचा तळाचा भाव मला पक्का ठाऊक. ठाऊक असून न सांगणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. सांगितलं, चाळीसपर्यंत येईल.

मामा म्हणाला, मग दहा लिही.

संध्याकाळी मालकीण म्हणून त्या दहावर बराच विचार केला. हे लोक फार हुशार आहेत. त्यांना आतली बातमी आहे.

१३ मार्च
चाळीस. याच्या खाली एक पै नाही. उत्तरात तसं ठणकावून लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

खोलीचं भाडं आणि अनामत धरून चाळीसमध्ये कसंबसं भागतं. कडीसाठी कुलूप नंतर घेऊ. कडीला आतून कुलूप लागत नाही, हे लिहिताना लक्षात आलं. तेवढे वाचले.

१६ मार्च
मामाने ठणकावलेलं उत्तर दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, माणूस खानदानी वाटतो गं. भाषा बघ. आपल्यात असं लिहिणारं कोण आहे? हिशेबनीस काका माझ्याकडे बघत म्हणाले, बाईसाहेब लिहितात की असंच. माझ्या हातातून पेन पडलं. काका खाली वाकून उचलत म्हणाले, शुद्धलेखन चांगलं आहे म्हणतोय.

मामा नरम पडला आहे. आत्ता ताणलं पाहिजे. उद्या पन्नास करणार.

१७ मार्च
नाही केले. चाळीसच्या खाली एक पै नाही म्हटलं होतं. वर जाणारही नाही असा त्याचा अर्थ होतो का? नक्की नाही. पण समोरच्याने तसा घेतला असेल तर?

तीस केले. संशय राहायला नको.

१८ मार्च
मामा म्हणाला, तीस कबूल. पण साइटवरून पैसे पाठवणार नाही. आयुष्यात माणसाचं तोंड बघितल्याशिवाय मी सुतळीसुद्धा घेतली नाही. शुक्रवारी चार वाजता दुकानात बोलाव. चहा पिऊ, हातात पैसे देतो.

बाजारातल्या कुठल्याच मार्गदर्शनात या परिस्थितीबद्दल काही दिलेलं नाही.

तरी मालकीण म्हणून संध्याकाळी कळवलं: शुक्रवारी चारला नक्की येणार. शब्द दिला.

खोलीवाल्या बाईंना फोन केला, शुक्रवारी रक्कम घेऊन येते. त्या म्हणाल्या, लवकर या, एक जोडपं बघून गेलंय. त्यांनासुद्धा कडी आवडली.

२० मार्च, शुक्रवार
योजना अशी होती. चार वाजता मागच्या दाराने बाहेर पडायचं, पुढच्या दाराने आत यायचं, नमस्कार करायचा, आणि शांतपणे व्यवहार करायचा. धक्का ओसरला की मामाला अभिमानच वाटेल.

मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मामीने चांगले कप काढले. तीस हजारांचं पाकीट काकांपुढे. मला मामाने स्वतःशेजारी बसवलं. म्हणाला, हलू नकोस, तो काही कॉम्प्युटरचं बोलला तर मला कळायचं नाही.

चार वाजले. कुणी आलं नाही, म्हणजे बाहेरून. मी म्हटलं, जरा मागे जाऊन येते. मामा म्हणाला, बस गं, एवढ्यात येईल.

चहा निवला. मामीने परत गरम केला. मामा दाराकडे बघत होता. मग म्हणाला, फसलो. शब्दाचा पक्का वाटला होता. खोटारडा निघाला.

हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, मालकीण वेळेवर आली आहे. पावणेचारपासून इथेच बसली आहे.

मामाने काकांकडे पाहिलं, मामीने माझ्याकडे. मग मी सगळं सांगितलं.

मामा एवढा हसला की खुर्चीचा हात धरावा लागला. अगं वेडे, घरातच होतं की! आणि मी परक्याच्या दारात हात पसरत होतो! काका म्हणाले, व्हाउचर कुणाच्या नावे करू? मामा म्हणाला, कसलं व्हाउचर, भाचीकडून घ्यायचं तर पैसे देऊन? लोक काय म्हणतील?

मामी म्हणाली, अहो, दोन वर्षं तिने त्याचे पैसे भरलेत, तेवढे तरी द्या. मामा म्हणाला, तिला आपण काही कमी केलंय का? पलंग आहे, गादी आहे, घरातली सगळ्यात भारी गादी. मामी म्हणाली, हो, आणि सगळ्या गावाला दिसेल अशी.

मामा तेवढं ऐकत नाही. पाकीट परत कपाटात गेलं.

मी पासवर्ड सांगितला. नाव मामाच्या खात्यावर गेलं. चहा चांगला झाला होता.

२१ मार्च
शांत डोक्याने हिशोब मांडला. खरेदी करणाऱ्या बाजूने मी दीड लाखाची वस्तू शून्यावर आणली. इतकी मोठी सूट माझ्या तरी ऐकिवात नाही. विकणारी बाजू कच्ची पडली, पण तिचा अनुभव कमी होता.

मामाही तेच म्हणाला. तुझ्यासारखी भाव पाडणारी पाहिली नाही. आता दुकानातला भावही तूच बोलायचा. निवांत गादी अठरा हजार, चौदाच्या खाली सोडायची नाही.

बढतीच म्हणायची. पगाराचं बघू म्हणाला.

२६ मार्च
खोलीवाल्या बाईंचा फोन. जोडप्याने अनामत भरली. मी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, अहो, माझं कशाला?

खोलीत ओल होती, आता आठवतं.

२९ मार्च, रविवार
उठून तोंड धुऊन आले तर माझ्या पलंगावर एक गृहस्थ आडवे. बूट काढून नीट जोडून ठेवलेले. काचेबाहेर त्यांची बायको फोनवर बोलत होती. मामा मागे माल उतरवून घेत होता.

पहिलं गिऱ्हाईक माझं. मी खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे सांगितलं, अठरा हजार. एकच भाव.

गृहस्थ काही बोलले नाहीत. मुरलेला माणूस. मी सोळा म्हटलं. तरी गप्प. मी म्हटलं, हे पहा, आमचा तळाचा भाव चौदा आहे, तुम्हाला न सांगणं बरं दिसणार नाही. तेव्हाही त्यांनी छताकडे तोंड केलेलं तसंच ठेवलं. मी बारा केले. उशी फुकट म्हटलं. मग साडेदहा.

तेवढ्यात बायको आत आली आणि म्हणाली, जरा हळू बोलता का, आठवडाभर डोळा लागला नव्हता हो त्यांचा.

दोन तास झाले. अजून उठलेले नाहीत. मी खुर्चीतच बसून आहे. माझी चादर त्यांच्या अंगावर आहे.