मंगळवारची दाढ

मुरुम, बुधवार, दि. २२ जानेवारी १९६४

तीर्थरूप दत्तोपंत यांच्या पायाशी वसंताचा साष्टांग नमस्कार.

देवीच्या कृपेनं इकडं मी ठीक आहे, म्हणजे डावा गाल सोडून बाकी सगळा ठीक आहे. थंडीत तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे? काळी गाय व्याली का? श्रावणापासून तुमच्याकडून काहीच कळलेलं नाही. (घरातल्या बाकीच्यांची प्रकृतीही चांगली असेल. बाकीच्यांची म्हणजे कुणाची, हे मेव्हण्याला वेगळं सांगायला नको.)

पत्रास कारण माझी खालची डावी दाढ. मार्गशीर्षात ती अशी ठणकायला लागली की वर्गात पाढे म्हणवून घेताना पोरं सतरापर्यंत जायची आणि मी गाल धरून अकरावरच बसायचो. सोलापूरचे एक दाताचे डॉक्टर दर मंगळवारी, देवीच्या गर्दीच्या दिवशी, तुळजापुरात येऊन बसतात. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी कुंकवाचं दुकान आहे, त्याच्या माडीवर. त्यांचं म्हणणं पडलं की दाढ काढायची नाही, वाचवायची. वरून भोक पाडून, केसासारख्या बारीक कानशींनी मुळांतल्या नळ्या खरडायच्या आणि मग त्या धुवायच्या. धुण्यावर त्यांचा फार जीव. दोन पिचकाऱ्या असतात. एकीतल्या औषधाला, आडात टाकायला आरोग्य खात्याचे लोक जी पावडर आणतात तिचा वास. दुसरीतल्याला वासच नाही. आधी हे, मग ते, मग पुन्हा हे. दोन्ही आत भेटली की फसफसून फेस येतो आणि फेसाबरोबर मुळातली घाण वर येते. सुई नळीत घट्ट बसू द्यायची नाही, दट्ट्या अगदी हळू दाबायचा, पाण्याला परत यायला जागा ठेवायची. घाई करून जोर लावला तर औषध मुळाच्या टोकाखाली उतरतं आणि मग माणूस खुर्चीसकट उठतो म्हणे. (हे सगळं मी सातवीला फळ्यावर आकृती काढून शिकवलं. हेडमास्तर दारात उभे राहून ऐकत होते. तास भूगोलाचा होता.)

एका दिवसात हे होत नाही. धुवायचं, औषधाचा बोळा ठेवायचा, वरून तात्पुरतं बुजवायचं आणि पुढच्या मंगळवारी परत यायचं. असे पाच मंगळवार झाले. पहाटेची एस.टी., नळदुर्गला गाडी बदलायची, दुपारी तोंड उघडायचं, संध्याकाळी मुरुम. एवढं करून तुमच्या घरी एकदाही का आलो नाही, असं तुम्ही विचाराल. (विचारावं अशी इच्छा आहे.) तर डॉक्टरांच्या खुर्चीसमोर खिडकी आहे आणि खिडकीतून तुमची पायरी दिसते. तुमची बहीण शामला दुपारी तिथं तांदूळ निवडायला बसते. मी तासभर तोंड उघडून बसतो आणि बघतो. खाली उतरल्यावर चार पावलं गल्लीत येतो आणि स्टँडकडं वळतो.

वळतो कारण तुम्हाला आषाढात मी जे लिहिलं ते खोटं होतं. मुलींच्या शाळेत तिच्या नेमणुकीचा जो कागद आला तो मी कोटाच्या आतल्या खिशात विसरलो, असं लिहिलं होतं. विसरलो नव्हतो. रोज शाळेत जाताना तो हाताला लागत होता. घरी येईन तेव्हा दार उघडायला कुणी नसेल, याचीच धास्ती वाटली होती. मुदत टळल्यावर कोट धुताना तो तिला सापडला. तिनं कोट वाळत घातला, कागद त्याच्याशेजारी वाळत घातला आणि ट्रंक भरली.

आता कालचं सांगतो. माझ्या आधी तामलवाडीची हरणाबाई नावाची म्हातारी दात काढून घ्यायला आली होती. गालात कापूस धरून बाकड्यावर बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, “मास्तर, मागल्या खेपेलाबी म्या बघिटलं. तुमचं त्वांड डाक्टरकडं आन डोळं खिडकीकडं. कोन हाय तितं?” मी म्हटलं, मंडळी. “मग हाक मारा की!”

मग माझी पाळी आली आणि पिचकाऱ्या सुरू झाल्या. तोंडात दोन्ही पिचकाऱ्यांचं औषध भेटलेलं असताना हाक मारू नये, हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण शामला काल तांदूळ निवडत नव्हती. गल्लीतल्या चार मुली समोर बसवून पायरीवर खडूनं ‘ग’ काढून दाखवत होती. इतकी सावकाश, की सगळ्यात धाकटीचा हात मागं राहू नये. मी उठलो. खिडकीशी गेलो. “शामला” म्हणायचं होतं; “आआ” झालं, आणि फेस हनुवटीवरून निळ्या कोटावर. (तिनंच निवडलेलं कापड. आता त्यावर पांढरे डाग पडलेत, ते जाणार नाहीत.) तिनं वर पाहिलं. मुलींनीही पाहिलं. आणि दत्तोपंत, ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. सहा महिन्यांत ते हसणं माझ्या कानावर आलं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. डॉक्टर मागून कोट ओढत होते.

“वळखलं व्हय त्यांनी?” हरणाबाईनं विचारलं. न्हाय, अशी मी मान हलवली.

“मग डोळं का पुसत्यात त्या?”

मी पुन्हा खिडकीशी जाईपर्यंत पायरी रिकामी होती. खडूचा ‘ग’ तेवढा होता.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पत्र मोठ्यानं वाचलंत तर बरं; ओसरीवर वाचलंत तर आणखी बरं.

आपला आज्ञाधारक,
वसंत

ता. क. मुरुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दाढ दोन मिनिटांत काढून देतो म्हटलं होतं. एकाच फेरीत संपणारा इलाज मला नको होता.

ता. क. २. पुढच्या मंगळवारी नळ्या कायमच्या भरणार. त्यानंतर तुळजापूरला यायला माझ्याकडं कारण उरत नाही.

ता. क. ३. परवा धाराशिवला जाऊन, नेमणुकीचा कागद मी दाबून ठेवला होता, बाईंचा काही दोष नाही, असं शिक्षण खात्यात लिहून दिलं. माझ्याकडून खुलासा मागवलाय. जे व्हायचं ते होईल. तिला नव्यानं अर्ज करता येतो म्हणाले. अर्ज सोबत जोडला आहे, फक्त तिची सही हवी. ती माझ्याकडं आली नाही तरी सही करायला सांगा. ‘कोणत्या गावी नेमणूक हवी’ ही जागा मी कोरी ठेवली आहे. पेन्सिलीनं ‘मुरुम’ लिहिलं होतं, ते खोडलं. (उजेडाला धरलं तर अजून दिसतं. खोडरबर चांगलं नव्हतं.)