ओढ्याच्या काठाची हजामत

ती. दाजींस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारच अंगं जमिनीला टेकली, उरलेली मनातून धरा.) ओढ्याच्या खालच्या अंगाला तुमचं आणि ताईचं ठीक असेल अशी आशा करतो, जरा जास्तच करतो. इथेही बरं आहे, म्हणजे स्वयंपाकघर अजून घरालाच चिकटलेलं आहे.

झालं काय, तीस वर्षं लोकांची डोकी भादरण्यात गेली, त्यामुळे काही वाढलेलं दिसलं की माझा हात शिवशिवतो. दुकान मुलाच्या हाती दिलं, रिकामा बसलो आणि नजर गेली घरामागच्या ओढ्याकडे. काय तो अवतार! लव्हाळी, निर्गुडी, गवत, सगळं पाण्यात डोकं घालून बसलेलं. आठ दिवस खपून काठ नुसता गुळगुळीत केला. (मुळंसुद्धा उपटली. अर्धवट काम मला जमत नाही, तिथेच घात झाला.) बायको म्हणाली होती, ती झुडपंच माती धरून आहेत. पण ऐकेल तो नवरा कसला!

मग तीन दिवस पाऊस लागला. पहिल्या दिवशी कपडे वाळत घालायची दोरी गेली, दुसऱ्या दिवशी दोरीखालची जमीन. आता स्वयंपाकघराची भिंत आणि पाणी यांच्यात चार हात उरलेत. बायको रोज सकाळी ते मोजते आणि चहा माझ्या पुढ्यात आपटते. त्यात वरच्या अंगाच्या गोठ्यातलं शेण आणि शेतातलं खत पूर्वी काठच्या गवतात अडायचं, मुरायचं. आता थेट ओढ्यात उतरतं. वासाचं लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल. दगड टाकले, वाहून गेले. वाळूची पोती रचली, ती माझ्याआधी बसली. खरं सांगतो दाजी, थकलो. घर जाईल या भीतीने जेवणसुद्धा गोड लागत नाही.

ताईला नमस्कार.

तुमचा,
बिनअकली मेहुणा

ता. क. तुमच्या काठावरच्या लव्हाळ्याचे गड्डे आणि निर्गुडीच्या फांद्या पोतंभर घेऊन तातडीने या. लावायला मी आहेच, पाठ गेली खड्ड्यात.

ता. ता. क. ‘ओढ्याचं पाणी येतं त्या आमच्या तळ्यातले मासे मरताहेत, तळं गाळाने भरलंय, वर कोण नालायक बसलाय ते कळव, त्याचं तंगडं मोडतो,’ असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत. दाजी, तो गाळ फेकू नका, आमचं परसदार आहे ते. आणि येताना ताईला घेऊनच या. तिच्यादेखत तुम्ही तिच्या भावावर हात टाकणार नाही.