सोबतीचा रकाना

धुळे, १२ जुलै २०२५

ती. अक्कास,
सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

फोन मुद्दामच केला नाही. तुझा फोन वाजला की अख्खा वॉर्ड कान टवकारतो. आमच्या संस्थेने तुमच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या दोनशे चौदा बायकांना घरी जाऊन विचारलं, की कळा देताना घरचं कुणी जवळ होतं का. नऊजणी हो म्हणाल्या. सोबतीचा हक्क कागदावर आहे, तो खरोखर मिळावा म्हणून आम्ही हे तुमच्या समितीपुढे मांडलं. समितीचे अध्यक्ष असलेल्या तुमच्या साहेबांनी प्रसूतीचं रजिस्टर उघडलं. ‘सोबती हजर’ या रकान्यात प्रत्येकीपुढे बरोबरची खूण! बायका विसरतात, रजिस्टर विसरत नाही, असं म्हणून त्यांनी विषय मिटवायला घेतला. निर्णय पाच ऑगस्टला आहे.

अक्का, त्या खुणा तुझ्या हातच्या आहेत. माझ्या शाळेच्या वह्यांवर तू अशाच करायचीस, शेपटी लांब ओढून. मी तिथे गप्प बसले. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
सुलक्षणा

जळगाव, १८ जुलै

चि. सुलक्षणास,
अनेक आशीर्वाद.

हो, माझ्याच आहेत, ते रजिस्टर माझ्याच ताब्यात असतं. ड्यूटीवर आल्या आल्या रकाना वरून खालपर्यंत भरून टाकायचा, ही आमच्याकडची रीतच. तपासणीला रिकामी जागा दिसली की खुलासा मागतात. बाई दाखल व्हायच्या आधीच तिची सोबत हजर! आणि तू पंख्याखाली बसून मला शहाणपण शिकवू नकोस. दोन नर्सा अन् कळा देणाऱ्या सहा बायका, ये एकदा बघायला.

चिडून लिहिलं खरं, पण मन खातंय. मागच्या आठवड्यात धरणगावकडची एक पोर माझं मनगट धरून आईला बोलवा म्हणत होती. पोर आत एकटी म्हणून आई दाराबाहेर तळमळत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, की मनी पोर मझार एकटी शे. आत कुणाला घ्यायचं नाही असा तोंडी हुकूम, म्हणून मी दार उघडलं नाही. तिच्यापुढची खूण मात्र सकाळीच झाली होती. लाज वाटते गं.

तुझी,
अक्का

धुळे, २३ जुलै

ती. अक्कास,
सा. न.

तू आता काहीएक करू नकोस. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. रजिस्टरचा विषय मी काढतच नाही, नुसतं बायकांचं म्हणणं ठेवते. आमची बाजू लंगडी पडेल, साहेब जिंकतीलही. पण तुझ्यावर कारवाई झालेली मला बघवणार नाही.

राग धरू नकोस.
सुलक्षणा

जळगाव, ७ ऑगस्ट

चि. सुलक्षणास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. कधी ऐकलंय? परवा तुमची मंडळी यायच्या आधीच मी समितीपुढे लेखी कबुली ठेवली, की खुणा माझ्या आहेत आणि खोट्या आहेत. साहेबांनी नजरचुकीने झालं असं लिहून द्यायला सुचवलं. मी सांगितलं, नजरचूक एखाद्या ओळीत होते, वर्षभराच्या पानांत होत नाही. मग ‘नाही’ म्हणणाऱ्या तुमच्या दोनशे पाच बायका खऱ्या ठरल्या. आज वॉर्डात कागदही लागला, सोमवारपासून घरची बाई आत येणार, आणि त्या रकान्यात बाळंतीण स्वतः सही नाहीतर अंगठा करणार.

मला ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळालीय. देईन उत्तर, भीत नाही कुणाच्या बापाला. ह्यांनी नोटीस वाचली अन् न सांगता चहा टाकला.

एक बजावते. तुमच्या अहवालात नावं झाकायची पद्धत आहे म्हणे. ‘एक परिचारिका’ असं लिहिलंस, तर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. त्या बायकांना खोटं पाडणारा हात कुणाचा होता, ते वाचणाऱ्यांना कळू दे. खालच्यासारखं अख्खं नाव छाप.

माया आहे तशीच राहू दे.

यशोदा छगन पाटील,
परिचारिका, प्रसूती विभाग