शेवटचा स्वर गिळणारी बेल

मुक्काम पहिला
रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, तूही असशील. बाकी घरात ज्याचे त्याला नमस्कार-आशीर्वाद वाटून दे.

फोन करायचा सोडून ताई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. इथे फोनला रेंज येते ती फक्त उद्यानाच्या फाटकाशी, तिकीटखिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, आणि तिथे सदा कुणीतरी कानाला फोन लावून 'हॅलो हॅलो' करत उभं असतं. शिवाय फोनवर तू मधे मधे 'हो ताई, हो ताई' करतेस आणि माझा मुद्दा राहून जातो. पत्राला मधे बोलता येत नाही.

चिरंजीवांनी सत्तरीची भेट म्हणून ही टूर दिली खरी, पण मला पक्षी आवडतात हा शोध त्यांना कधी लागला, देव जाणे. उभ्या जन्मात मी बाल्कनीतली कबुतरं हाकलण्यापलीकडे पक्ष्यांशी संबंध ठेवलेला नाही. तीन राष्ट्रीय उद्यानं, एक बस, आणि माझ्याखेरीज सगळ्यांच्या गळ्यात तोफा. एक दंतवैद्य आहे, त्याच्या लेन्सला बसमध्ये स्वतंत्र सीट आहे. बायकोला नाही, म्हणून ती माझ्याजवळ बसते. टूर चालवणारा मनुष्य टोपी, शिट्टी आणि खिसे यांचा बनलेला आहे. त्याला सगळे कप्तान म्हणतात.

सकाळी अंधारात उठवतात, उघड्या जीपमध्ये घालतात आणि 'बोलू नका' म्हणून बजावतात. बोलू नका म्हणजे आपल्या शाळेतली प्रार्थनेची वेळच. फरक इतकाच की तिथे गुडघे दुखायचे, इथे कंबर दुखते. मला भेट मिळालेल्या कॅमेऱ्यानं मी एका हरणाचा फोटो काढला. माझा अंगठा फार छान आला आहे.

पण कान अजून शाबूत आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी काढली ती काय उगाच? लाइनवर नुसता श्वास ऐकून सांगायचे मी, हा भांडून बोलतोय की भूक लागलीय म्हणून. इथले आवाज दोन दिवसांत पाठ झाले. आता कप्तान दुर्बीण लावतो आणि मला विचारतो, 'मॅडम, कोण बोललं?' मी सांगते. दंतवैद्याला ते आवडत नाही.

कुंड्यांना पाणी घालतेस ना? तुळतुळीत पानांच्या झाडाला रोज नको, कुजेल. किल्ली तुझ्याकडेच ठेव, कुणाच्या हातात देऊ नकोस.

गुडघा उत्तम आहे. हवा छान आहे.

तुझी,
ताई


मुक्काम दुसरा
शुक्रवार, ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. टूरमधून मात्र माझी हकालपट्टी होता होता राहिली.

त्याचं असं झालं. या उद्यानात ओढ्याकाठी एक दाट झुडूप आहे आणि त्यात एका कस्तुराचं बिऱ्हाड आहे. शीळ अशी घालतो की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवावं. पण मोठा लाजरा, दिसत नाही. गुरुवारी आम्ही तिथे पोहोचलो आणि पाचच मिनिटांत स्वारी उघड्या फांदीवर हजर. पिसं फुलवलेली, छाती काढलेली, इकडे उडी, तिकडे उडी. तोफा धडधडल्या. मला मात्र शीळ दोन ठिकाणांहून ऐकू येत होती. एक जिवंत, आणि दुसरी तबकडी अडकल्यासारखी, दर वेळी अगदी तशीच.

'काय चाललंय हे?' मी कप्तानाला विचारलं.

'कॉल लावलाय, मॅडम. गवतात स्पीकर आहे. त्याला वाटतं, आपल्या घरात दुसरा नर घुसला. मग भांडायला बाहेर येतो.'

'आणि घरटं?'

'बायको बसलीय की अंड्यांवर.'

'पण तिला कावळ्यापासून राखायचं काम ह्याचं ना?'

'दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, मॅडम.'

आज सकाळी पुन्हा तेच. मी जीपमधून उतरले. उतरायला बंदी आहे, ठाऊक आहे मला. गवतातला तो डबा उचलला, बंद केला, पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

'काकू, काय करताय?' दंतवैद्य ओरडला. या सबंध टूरमध्ये तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

'काकू तुमच्या घरी. इथे मी पाहुणी आहे, आणि तुम्हीसुद्धा.'

'मॅडम, सगळेच टूरवाले कॉल लावतात,' कप्तान म्हणाला.

'सगळेच जण रात्री गोळ्या-चॉकलेटं खाऊन न चूळ भरता झोपतात. म्हणून हे डॉक्टर तसं करा म्हणून सांगतात का?'

दंतवैद्याची बायको खुदकन हसली. त्या हसण्याची किंमत तिला संध्याकाळी मोजावी लागली असेल, पण हसली.

कप्तान तरातरा फाटकाशी गेला आणि त्यानं चिरंजीवांना फोन लावला. नियमभंग, वन्यजीवांपासून धोका, तुमच्या मातोश्रींना उद्याच्या गाडीनं परत पाठवतो, वगैरे. परत आला तो पार गोंधळलेला.

'काय म्हणाला माझा मुलगा?'

'म्हणाले, हात जोडतो, काहीही करा पण आईला एवढ्यात परत पाठवू नका. हवा तर नवा स्पीकर घ्या म्हणाले.'

'भाग्यवान आहात,' दंतवैद्याची बायको म्हणाली. 'आमचा म्हणाला असता, बसमधूनच उतरवा.'

मीही हसले. हसायलाच हवं होतं.

इथेही रेंज फाटकाशीच; मग मीही तिथे जाऊन उभी राहिले, तेव्हा फोनवर रेकॉर्ड केलेला निरोप आला. आपल्या चिमणीचा, माझ्या नातीचा; म्हणजे तिच्या आवाजातला. 'आजी, तू भांडू नकोस. मजा कर. आणि टूर संपली की तू थेट आमच्याकडेच ये. मी तुझी खोली सजवलीय.' मधे मधे थांबत होती. कुणीतरी मागून सांगावं आणि तिनं म्हणावं, तसं. सहा वर्षांची पोर, वाक्यं मात्र तिच्या बापाची. आवाजही जरा वेगळाच वाटला. रेंजमुळे असेल. असो.

कुंड्यांचं तू काही कळवलं नाहीस. पत्राला उत्तर यायला इथे पत्ता कुठे आहे म्हणा. असो.

हवा छान आहे.

तुझी,
ताई


मुक्काम दुसराच
मंगळवार, १३ फेब्रुवारी

धाकटे,

बोर्डिंगमध्ये आपली पत्रं टपालात पडण्याआधी मदर वाचायच्या. आठवतं? म्हणून आपण घरी लिहायचो, 'हवा छान आहे.' आई ते वाचून रडायची, कारण तिला बरोबर कळायचं. आता माझी पत्रं कुणी वाचत नाही, तरी दोन पत्रं मी हवेचीच लिहिली. आता हवा पुरे.

चिमणीचा निरोप मी चार दिवस ऐकतेय. पाखरांनी कान आणखीच तयार केले आहेत. तर ऐक, मला काय काय ऐकू आलं.

पहिलं, घुमणं. चिमणीच्या घरी गालिचे, पडदे, गाद्या. तिथे आवाज मऊ येतो. या निरोपात तिचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. माझ्या हॉलला रंग दिला तेव्हा सामान बाहेर काढलं होतं, तेव्हा तो असाच घुमत होता. दुसरं, फर्रर्र. खोक्यांना लावायची ती चिकटपट्टी, एकदा नाही, तीनदा. आणि तिसरं, अगदी शेवटी, चिमणी 'टाटा' म्हणते त्याच्या मागे, बेल.

ती बेल मी कुठेही ओळखीन. ती चिवचिवणारी, पाच वेळा चिवचिव करायची. हे तिला दुरुस्त करायला बसले आणि तेव्हापासून ती पाचवा स्वर अर्धाच गिळते. मी म्हटलं, नवी आणा. हे म्हणाले, 'चार पुरेत. पाचवा पाहुण्यानं आत येऊन म्हणावा.' हे गेल्यावर मी घरातलं पुष्कळ काही बदललं, बेल नाही बदलली. अशी बेल दुसऱ्या कुणाच्या दाराला नाही.

म्हणजे माणसं माझ्या घरात होती. दार फोडलेलं नव्हतं, कारण बेल वाजवून दुसरं कुणी आत येत होतं, घर पाहायला म्हण किंवा खोकी न्यायला म्हण. आणि माझ्या घराची दुसरी किल्ली या जगात एकीपाशीच आहे.

मी तुला फोन करणार नाही. केला तर तू रडशील, आणि मग मलाच तुझी समजूत घालावी लागेल. आजवर हेच चालत आलं आहे. शाळेत शाई तू सांडायचीस आणि हातावर पट्टी मी खायचे.

चिरंजीव तुला काय म्हणाले असतील, तेही मी सांगते. 'मावशी, आईच्या भल्यासाठी. ती समोर असली तर ऐकणार नाही. परत आली की थेट आमच्याकडे आणू, घर आवरलेलं बघितलं की तिचाही नाइलाज होईल.' असंच ना? मुलगा वाईट नाही. घाबरट आहे. आणि त्याला घाबरवलं कुणी, तेही मला माहीत आहे. हो, थंडीत मी बाथरूममध्ये पडले. हे फक्त तुला सांगितलं होतं, आणि कुणाला बोलणार नाहीस अशी शपथ घातली होती.

आता आणखी एक सांगते, हेही खुशाल त्याला सांग. परवा मी इथेही पडले. ओढ्याकाठी, ओल्या दगडावरून. दंतवैद्याची बायको धावली, तोवर मी उठून पदर झटकत होते. कोपर खरचटलंय. आपल्यात माणूस पडलं की घरोघर बातमी जाते. उठलं ते कुणी कळवत नाही.

शुक्रवारीच बॅग भरली होती मी. पण इथून गाडी रोज नसते. शनिवारची पहिली मिळाली असती, ती मी सोडली. मला खात्री करून घ्यायची होती की मी रागात ऐकतेय की खरंच ऐकतेय. चार दिवस ऐकलं. खरंच ऐकलं.

आज सकाळी पुन्हा कस्तुराकडे गेलो. स्पीकर माझ्या पर्समध्येच आहे, पण दंतवैद्यानं आपल्या फोनवर शीळ लावली. मी मधे पडणार होते, पण गरजच लागली नाही. कस्तूर बाहेर आला नाही. शीळ वाजत राहिली, तोफा रोखलेल्या राहिल्या, आणि तो आतून, अगदी झुडपाच्या मध्यातून, असा काही कडाडला की दंतवैद्याच्या हातून लेन्सचं झाकण पडलं.

'आता नाही यायचा,' कप्तान वैतागून म्हणाला. 'दोनदा फसले की तिसऱ्यांदा येत नाहीत.'

'मग निघून जातो का तो?' मी विचारलं.

'छे. जागा सोडत नाही. आतूनच ओरडत राहतो.'

सगळे हिरमुसले. मला मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा टूर आवडली.

तर आता नीट वाच. टूर सोमवारी संपते आणि चिरंजीव मला घ्यायला येणार आहेत. मी तोवर थांबणार नाही. शुक्रवारच्या गाडीत बसेन, शनिवारी सकाळी माझ्या दारात असेन. हे पत्र त्याच्या आधी तुला मिळेल, म्हणजे तुला एक दिवस मिळतो. खोकी कुठे गेली ते तुला ठाऊक असेल. परत आणता आली तर आण. ह्यांची आरामखुर्ची आधी आण, कुंड्या नंतर. नाही आणता आली तरी मी आहेच. जमिनीवर चटई टाकून झोपेन, एका पातेल्यात चहा करेन आणि त्याच पातेल्यात भात. रिकाम्या घरातून माणसाला हलवायला त्यांच्याकडे आणखी काय उरलं? आणि घर माझ्या नावावर आहे. विकायला सही माझीच लागते, मदरनी हातावर छड्या मारून वळवलेली, अक्षर न् अक्षर सुटं. ती मी करणार नाही.

चिमणीला माझ्याकडे यायला दार सदा उघडं आहे. पण तिला पुन्हा माझ्याशी कुणी असं बोलायला लावलं, तर मी तिच्या बापाशी बोलेन, आणि तेव्हा मात्र कुणी मागून सांगायला लागणार नाही.

कप्तानाला स्पीकर मी गाडीत बसल्यावर खिडकीतून परत देईन. दंतवैद्याची बायको स्टेशनपर्यंत यायचं म्हणते आहे. नवऱ्याला न विचारता.

शनिवारी मी माझ्याच दाराची बेल वाजवेन. चारदा पूर्ण, पाचव्यांदा अर्धी. तू आत असायला हवंस. दार तू उघडायचंस आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवायचीस, काही न बोलता. रडायचं असेल तर त्यानंतर रड, मी चहा टाकते.

किल्ली हातात आली की पुन्हा तुझी.
तोवर नुसतीच,

ताई