दादाने खोडलेला ‘फॉर’

जालना, ११ जून १९४१

थोरल्या भावाविरुद्ध लिहिण्याचे धाडस करते आहे, क्षमा असावी. पण क्षमा तरी का मागावी? औरंगाबादच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी मी लिहिलेल्या अर्जातील ‘वेट फॉर’मधला ‘फॉर’ दादाने खोडला.

“आपण उत्तराची वाट पाहतो, उत्तरासाठी न्हाई. बिलकुल गलत!”

मराठीचा न्याय इंग्रजीला? ग्रंथालयातील इंग्रजी वर्तमानपत्रांत माणसाची असो वा गाडीची, वाट पाहायची तर ‘वेट’ हे क्रियापद ‘फॉर’ला घेऊनच येते. तसे सांगितले, तर आई म्हणाली, “तो हैदराबादेत शिकला, मंग गप ऐक की!”

चुकीचा अर्ज माझ्या नावाने जाणार, आणि प्रवेश हुकला की हसणार तोच!

‘फॉर’ पुन्हा लिहिला. पालकाच्या जागी दादाची सही हवी होती. तेथे मी माझी केली. अर्ज टपालपेटीत टाकला: ११ जून १९४१, सायंकाळी पावणेसहा.