रंभाजीकाकांचा खोकला

तीर्थरूप गोजरकाकीस,

देवळाली प्रवऱ्याहून रविराजचा दंडवत. तुझे गुडघे, म्हैस आणि नात ज्ञानेश्वरी, या क्रमाने सगळ्यांची खुशाली विचारतो. (फोनवरच विचारली असती, पण मी फोन केला की राहात्याची रेंज नेमकी जाते.)

माझी लॅब बरी चालली आहे. फक्त गेल्या आठवड्यात रंभाजीकाकांची थुंकी तपासायला आली. होय, तुझ्याच यजमानांची. डबीवर नाव, वय, पत्ता सगळं त्यांचंच. (राहात्याच्या डॉक्टरांकडचे नमुने टेम्पोने माझ्याकडे येतात, हे तुला ठाऊक नसावं.) काकांना जाऊन दोन वर्षं झाली, तिरडीला खांदा मीच दिला होता. तरी काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर टीबीचे जंतू, लाल काड्यांसारखे, भरपूर. मेलेल्या माणसाला टीबी होतो का, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पण टीबी सापडला की सरकारला कळवावाच लागतो, आणि ‘रुग्ण वारला आहे, तरी खोकतो’ असं कळवायची तिथे सोय नाही. मी मुकाट्याने काकांचं नाव कळवून टाकलं.

काल आरोग्य खात्याच्या जयमालाताई तुझ्या दारात आल्या आणि रंभाजी आहेत का, म्हणून विचारू लागल्या. तू म्हणालीस, “हायेत की. आत्ताच मळ्यात गेल्यात.” ताईंनी मान वर केली, तर भिंतीवर हार घातलेला फोटो, खाली तेच नाव आणि गेल्याची तारीख. त्यावर तू शांतपणे म्हणालीस, “बसा, येतीलच आता.” बाई बसल्या नाहीत. स्कूटी तिथेच ठेवून पायी निघाल्या आणि वाटेतून मला फोन केला. तेव्हापासून लॅबचं दार वाजलं की मी आधी येणाऱ्याचे पाय बघतो, सुलटे आहेत ना म्हणून.

तुझा,
रविराज

ता. क. काकी, थुंकी तुझी आहे, हे मला कळतं. बिंग फुटलं तर चाकणहून सून येऊन ज्ञानेश्वरीला घेऊन जाईल, ही तुझी भीतीही कळते. पण औषध सरकार फुकट देतं आणि त्याने माणूस बरा होतो. काकांना खांदा दिला तेवढा पुरे, तू मला हवी आहेस. सवडीने ये.

ता. क. २ पाकीट चिकटवताना जयमालाताईंचा पुन्हा फोन आला. त्या फोटोला घाबरल्या नव्हत्या म्हणे. तू समोर तोंड मिटून उभी होतीस आणि आत कुणीतरी खोकत होतं. त्यांना वाटलं, काकाच. काकी, त्या घरात तुम्ही दोघीच असता. सवडीने येऊ नकोस. टेम्पोवाला हे पत्र तुझ्या हातात देईल, त्याच टेम्पोत ज्ञानेश्वरीला घेऊन बस.