सात नंबरच्या टाकीचं खाद्य

४ मार्च, सकाळी ७
आजपासून दिवस पालटणार. मेहुण्याने अखेर सात नंबरची टाकी दिली. माशांची दोन हजार पिल्लं, अर्ध्या तांदळाएवढी. पंधरा दिवसांनी निम्मी माझ्या खाद्यावर जगली असतील तर हॅचरीचा खाद्य विभाग माझा. नाहीतर आहेच टाक्या धुणं. सहा वर्षं धुतोय. मालक मेहुणाच. भावोजी भावोजी म्हणत राबवून घेतो.

५ मार्च
कोळंबीच्या फॅक्टरीतून डोकी आणि सालं आणली. उकडली, वाळवली, मिक्सरमध्ये दळली. बायको म्हणाली, ते चटणीचं भांडं होतं. संशोधनात त्याग करावा लागतो, असं समजावलं. ती नाक धरून माहेरी गेली.

६ मार्च
भुकटी बारीक चाळायची होती. कंटाळा आला. पिल्लं वाढतील, तोंडंही वाढतीलच की.

८ मार्च
खाद्य तळाशी जाऊन बसतं. सावकाश जेवत असावीत. तळ साफ करू दिला नाही, उगाच अन्नाची नासाडी. हॅचरीच्या लॅबच्या बाई म्हणाल्या, जोडीला जिवंत खाद्य द्या, पाण्यातले बारीक किडे. म्हणजे श्रेय त्याला. नको.

११ मार्च
सकाळपासून नऊ चकरा. काही पिल्लं दुप्पट झालीत, पोटं टम्म. ऊर भरून आला. बाई म्हणाल्या, मोठी वेगळी काढा, ही जात एकमेकांना सोडत नाही. लोकांना बघवत नाही, दुसरं काय. भावंडांची ताटातूट मी करणार नाही.

१४ मार्च, पहाटे ५
झोप नाही. मोजली. सहाशे भरली. बाकीची कोपऱ्यात असतील. टाकी गोल आहे, हे नंतर लक्षात आलं.

१६ मार्च
दोनशे. पण काय एकेकाची तब्येत. मेहुण्याला म्हटलं, आकडा काय बघतोस, अंग बघ. त्याने आकडाच वहीत लिहून घेतला. विभागाची पाटी रंगवायला टाकली.

१९ मार्च
टाकी उपसली. एकतीस मासे. एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर. बाईंनी तळचा थर दाखवला. म्हणाल्या, तुमच्या खाद्याला कुणी तोंड लावलेलं नाही, ही एकमेकांवर जगली. मेहुणा एवढंच म्हणाला की भावोजी, टाकी उद्या लागेल. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तरी पंधरा दिवस पाण्यात राहून खाद्य विरघळलं नाही, ही काय लहान गोष्ट आहे? हे बाईंना सांगणार होतो. पण त्या निघून गेल्या होत्या, आणि मी संध्याकाळपर्यंत टाकीचा तळ खरवडत होतो. निघता निघत नव्हतं.